नऊ लोक मुखोद्गत, चौदा भुवने विस्मृत

कोथरूड, सहकारनगर, औंध किंवा चिंचवड येथील कोणत्याही सुखवस्तू मराठी घरातील महाविद्यालयीन मुलाला सहज विचारून पाहावे, ‘अल्फहाइम कोठे आहे?’ तो क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल. इग्द्रासिल नावाच्या विश्ववृक्षाच्या आधाराने नऊ जगे उभी आहेत; माणसांचे मिडगार्ड, देवांचे आस्गार्ड, दैत्यांचे योटुनहाइम, बुटक्या कारागिरांचे स्वार्टाल्फहाइम, प्रकाशासाठी आपसांत लढणाऱ्या यक्षांचे अल्फहाइम, धुक्याचे निफ्लहाइम, अग्नीचे मुस्पेलहाइम, वनराईचे वानाहाइम आणि मृतांचे हेलहाइम, अशी सारी यादी तो घडाघडा म्हणून दाखवील. त्याच मुलाला पुढे विचारावे, ‘अतल, वितल, सुतल यांच्यानंतर काय येते?’ येथे तो गप्प होतो. त्याचे वडीलही गप्प होतात. फार तर आजोबा चार नावे आठवून सांगतात आणि मग तेही थांबतात.

ही नऊ जगे त्या मुलाने शाळेत शिकलेली नाहीत. ‘गॉड ऑफ वॉर’ या संगणकीय खेळाच्या २०१८ आणि २०२२ सालच्या दोन भागांनी ती त्याला शिकवली. अमेरिकेतील सांता मोनिका स्टुडिओने हे खेळ निर्माण केले आणि सोनी या जपानी कंपनीने ते जगभर विकले. पहिल्याला २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, ‘रॅग्नारोक’ या दुसऱ्या भागाच्या पहिल्या आठवड्यातच ५१ लाख प्रती खपल्या. पिता-पुत्रांच्या नात्याची त्यातील कथा हृद्य आहे, चित्रण अप्रतिम आहे, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. प्रश्न त्या खेळाच्या गुणवत्तेचा नाहीच. पुण्यातल्या मुलाच्या मनातील कल्पनाविश्वाचा नकाशा आज कोण काढीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

मृत देवांची शोभायात्रा

या खेळाचा नायक क्रेटॉस हा कोणत्याही प्राचीन ग्रंथातील ओडिनचा वा थॉरचा सोयरा नव्हे. २००५ साली पहिला ‘गॉड ऑफ वॉर’ आला, त्यासाठी घडवलेला तो एक स्पार्टन योद्धा. २०१० च्या तिसऱ्या भागापर्यंत त्याने पोसायडन, हेडीस, हेलिओस, हर्मीस, हेरा आणि शेवटी खुद्द झ्यूस अशा ग्रीक देवतांचा एकामागून एक वध केला. ऑलिंपस निर्मनुष्य, नव्हे निर्दैव झाल्यावर लेखकांनी त्याला उत्तरेकडे आणले. तेथे त्याचा पुत्र अॅट्रियस हाच मुळातला लोकी, असे सांगण्यात आले. एड्डा ग्रंथांत लोकी हा फारबाउती आणि लाउफे यांचा पुत्र आहे. खेळात आई तीच राहिली, बाप मात्र ग्रीसहून आयात झाला.

मूळ कथेतील थॉर खादाड आणि शीघ्रकोपी असला, तरी तो मिडगार्डचा रक्षक होता. शेतकरी त्याच्याकडे आधार म्हणून पाहत. खेळात त्याचा हातोडा शिल्लक राहिला आणि रक्षकपण गळून पडले. उरला तो एक दारूडा, पश्चात्तापदग्ध मारेकरी. ज्ञानासाठी एक डोळा अर्पण करणारा आणि नऊ रात्री विश्ववृक्षावर स्वतःला टांगून घेणारा ओडिन खेळात गोडबोल्या कपटी टोळीप्रमुख होतो. मूळ कथेत थॉर महासर्पाला मारून, नऊ पावले चालून त्याच्या विषाने कोसळतो; खेळात प्रत्यक्ष ओडिनच त्याला ठार करतो. मूळ कथेत महाविनाशानंतर समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते आणि निष्पाप बाल्डर परत येतो; खेळात बाल्डर पहिल्याच भागात क्रेटॉसच्या हातून मरतो.

या साऱ्या फेरफारांविरुद्ध जगात कोठे मोर्चा निघाला नाही. निघणार तरी कसा? इसवी सन १००० च्या सुमारास आइसलंडच्या लोकसभेने, आल्थिंगने, ख्रिस्ती मत स्वीकारले आणि त्या देवांचे सार्वजनिक पूजन संपुष्टात आले. १९७२ साली काही मोजक्या आइसलंडवासीयांनी जुन्या उपासनेसाठी संस्था स्थापन केली, तिला पुढच्या वर्षी शासनमान्यताही मिळाली. परंतु हजार वर्षांचा खंड पडला तो पडलाच. ज्या देवाच्या दारात कोणी दिवा लावीत नाही, त्याचे चारित्र्य जो कथा सांगेल त्याच्या मर्जीवर राहते. ग्रीकांचे तेच झाले, नॉर्स लोकांचे तेच झाले. देव्हाऱ्यातून उठलेला देव ‘कच्चा माल’ होतो, हा या खेळाने न बोलता दिलेला धडा आहे.

ज्यांनी जतन केले त्यांचे श्रेय

असे असले तरी या उत्तरेकडील लोकांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. उपासना गेली, पण त्यांनी कथा जाऊ दिल्या नाहीत. इसवी सन १२२० च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती आइसलंडी सरदाराने जुन्या कवितेची परंपरा लोपू नये म्हणून गद्य एड्डा सिद्ध केली. जुन्या कवनांची ‘कोडेक्स रेगियस’ नावाची पोथी १६६२ साली डेन्मार्कच्या राजाकडे गेली होती. ती २१ एप्रिल १९७१ रोजी जहाजाने रेक्याविकच्या बंदरात परत आली, तेव्हा तिच्या स्वागतास हजारो नागरिक धक्क्यावर लोटले होते. एका पोथीसाठी!

पुण्याकडे काय कमी होते? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली. १९१९ साली तिने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प सोडला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. संस्थान लहान होते, मन मोठे होते. विष्णु सीताराम सुकथनकर, त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेत १९६६ साली हे कार्य तडीस गेले. जगाच्या पाठीवर एवढ्या प्रचंड ग्रंथाचे असे संपादन क्वचितच झाले असेल. आणि त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला चढवून ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटली, हेही याच शहराने पाहिले. एका शहरात पोथीसाठी माणसे धक्क्यावर उभी राहतात, दुसऱ्या शहरात पोथ्यांवर तुटून पडतात. अशा वेळी कोणाच्या कथा जगभर जाणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

हल्लेखोर मूठभर होते, असे म्हणून सुटका करून घेता येईल. परंतु पुण्यातील किती सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या मुलांना एकदा तरी त्या संस्थेचे दार दाखवले आहे? हल्ला एका दिवसाचा होता. अनास्था मात्र बारमाही आहे.

नकाशा कोणाचा अधिक रेखीव?

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. नॉर्स कवनांत ‘नऊ जगे’ असा उल्लेख येतो, पण त्या नऊंची सलग यादी एड्डा ग्रंथांत कोठेही नाही. खेळात दिसणारी नीटनेटकी मांडणी ही पुष्कळशी आधुनिक अभ्यासकांनी आणि कलावंतांनी तुकडे जुळवून केलेली रचना आहे. टीरच्या मंदिरातील फिरता सेतू आणि त्यावरून एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याची युक्ती ही तर शुद्ध कल्पनेची करामत. तुटपुंज्या साधनांतून त्यांनी महाल उभारला.

उलट भागवताच्या पाचव्या स्कंधात सात अधोलोकांचे क्रमवार वर्णन आहे. अतलात मयासुराचा पुत्र बल राहतो. वितलात हाटकेश्वर शिव आहेत. सुतलात बळीराजा आहे आणि त्याच्या द्वारी स्वतः भगवान वामन पहारा देतात. ज्या बळीचे राज्य येवो म्हणून बलिप्रतिपदेला मराठी घरांत ओवाळले जाते, तोच हा बळी! तलातलात मायावी स्थापत्याचा आचार्य मय आहे, महातलात तक्षक आणि कालिय यांचे नागकुळ, रसातलात निवातकवच, पाताळात वासुकी. वर भूः, भुवः, स्वः, महः, जन, तप आणि सत्य असे सात लोक. विष्णुपुराणातील नारद तर पाताळ पाहून येतात आणि ते स्वर्गाहून रमणीय असल्याचे सांगतात. ‘खाली’ म्हणजे अंधार आणि यातना, हे समीकरणच येथे मोडून पडते. असुर येथे केवळ मारण्यासाठी नसतो. त्याचे दान इतके थोर ठरते की देव त्याचा द्वारपाल होतो. जगातील कोणत्या खेळाने खेळणाऱ्याला असे नैतिक कोडे घातले आहे?

काळाचेही तसेच. रैवत ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी जातो, तेथे गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. परतल्यावर ओळखीचा एकही माणूस उरलेला नसतो. निरनिराळ्या लोकांत काळाची गती निराळी, ही कल्पना ज्यांच्या पुराणात आहे त्यांच्या मुलांना ती परदेशी चित्रपटातून प्रथम कळावी, यापरते आश्चर्य ते कोणते?

आणि विश्ववृक्ष? मुळे वर आणि शाखा खाली असलेला अश्वत्थ गीतेच्या पंधराव्या अध्यायात उभा आहे. तो अध्याय पुण्यातल्या अनेक घरांत आजही जेवणापूर्वी म्हटला जातो. मुलाला इग्द्रासिलचे मूळ कुरतडणारा निढोग आणि त्यावर धावणारी खार ठाऊक असते. रोज कानावर पडणारा अश्वत्थ त्याला दिसत नाही, कारण तो त्याला कोणी दाखवलेलाच नाही.

लोकमान्यांची आणि फाळक्यांची वाट

परक्या कथांचे भय पुण्याला कधीच नव्हते. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाला. तौलनिक दैवतकथांचा विचार करताना त्यांनी नॉर्स पुराणकथांचीही दखल घेतली. त्यांचा आर्क्टिक सिद्धान्त आजचे संशोधक स्वीकारीत नाहीत. परंतु त्यांची भूमिका शिकण्यासारखी आहे. स्वतःच्या वेदांत पाय घट्ट रोवून ते उत्तरेच्या देवांकडे समान पातळीवरून पाहत होते. आजचा पुणेकर तरुण मात्र त्याच देवांकडे रिकाम्या हाताने जातो. पाहणे तेच, उभे राहण्याची जागा तेवढी नाहीशी झाली आहे.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहिले. त्यांनी त्या चित्रपटगृहावर दगड मारला नाही. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. पुढे प्रभात कंपनी पुण्यात आली आणि तिचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. देहूचा वाणी जगाला समजला, कारण मराठी माणसाने नवे यंत्र हाती घेऊन स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली. आज ते नवे यंत्र संगणकीय खेळ आहे. फरक इतकाच, की आज फाळके आले तर त्यांच्या तिकिटाच्या रांगेत कोणी उभे राहील काय, याची शंका वाटते.

शंका निराधार नाही

कारण फाळके येऊन गेले! पुण्यातीलच नॉडिंग हेड्‌स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ घडवला. सर्कशीत काम करणारी राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू. महाबलासुर भावाला पळवून नेतो आणि बहीण त्याच्या शोधात निघते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. राजीच्या हाती त्रिशूळ येतो, शार्ङ्ग धनुष्य येते. चित्रांवर पहाडी शैलीची छाया, वास्तूंवर राजस्थानची, आणि निवेदनात छायाबाहुल्यांचा खेळ. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कलेचीच ही भावंड.

२०१७ साली या चमूने लोकवर्गणीचे आवाहन केले. अपेक्षित रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी एकाने काम थांबू नये म्हणून स्वतःची सदनिका विकली. २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनात त्याचे नाव झळकले. खेळ छोटा होता, उणिवाही होत्या. मूळ निवेदन इंग्रजी होते, हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. पण सरस्वतीबाईंचे दागिने आणि ही सदनिका यांत काय अंतर आहे? एकाच गोष्टीचे ते दोन प्रवेश आहेत. हिंदुत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या किती घरांत ‘राजी’चे नाव तरी पोचले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुण्यात कसबाची वाण नाही. सुमो या ब्रिटिश कंपनीने २००७ साली आणि युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली येथे कार्यालये थाटली, ती येथील बुद्धी आणि हात पाहूनच. २०२० साली युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्‌स ऑफ टाइम’ या जुन्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिचे काम पुणे आणि मुंबईच्या चमूंकडे होते, मे २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेले. त्या खेळाची सुरुवात कशाने होते? इराणी सैन्य हिंदुस्थानातील एका महाराजाचा राजवाडा लुटते आणि लुटीत राजकन्याही जाते. हात पुण्याचे, पगार फ्रान्सचा, पराक्रम इराणचा आणि लुटला जाणारा राजवाडा आपला! रोजगार मिळतो हे खरे, आणि त्याचे स्वागतच आहे. परंतु दुसऱ्याच्या कथेला रंग देण्यातच पिढी खर्ची पडली, तर स्वतःची कथा सांगायची केव्हा?

चीनने हा प्रश्न सोडवला. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. त्याचा आधार असलेली ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी कोणाची आहे? बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी भारतात आलेल्या ह्युएन त्संगची. तोच ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला होता आणि येथील लोकांच्या मानीपणाचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ज्ञान घेण्यासाठी तो येथे आला, ही कथा आज चीन जगाला विकतो. ज्यांच्याकडे तो आला ते विकत घेतात.

विटंबना आणि लीला

या ठिकाणी काही सश्रद्ध मंडळी विचारतील, देवाला बटणांवर नाचवणे शोभते काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. २००९ साली ‘हनुमान : बॉय वॉरियर’ या हैदराबादेत तयार झालेल्या खेळावर असाच आक्षेप घेतला गेला होता. परंतु कोकणातील दशावतारात गावचाच माणूस मुकुट चढवून विष्णू होतो आणि मायबाप प्रेक्षक त्याला हात जोडतात. पुण्याच्या गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांत देव-दानव विजेवर हलतात आणि आजीपासून नातवापर्यंत सारे रांगेत उभे राहून ते पाहतात. लीला आणि विटंबना यांतील सीमा साधनावर ठरत नाही, भावावर ठरते. ‘राजी’च्या कर्त्यांनी काढलेला मार्ग येथे उल्लेखनीय आहे: खेळणाऱ्याच्या हाती देव नाही, मानवी कन्या आहे, देव साक्षी आहेत, वर देतात, कथा सांगतात. मर्यादा पाळूनही रंजन साधते, याचा हा पुरावा.

दुसरी मंडळी म्हणतील, हे खेळच मुळात व्यसन, बंद करा. दिवसरात्र पडद्याला डोळे लावून बसणे घातक आहे, यात वाद नाही. ‘गॉड ऑफ वॉर’ला युरोपातील मानांकनाने केवळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच योग्य ठरवले आहे, आणि तो बारा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून देणारे पालक उघड्या डोळ्यांनी चूक करीत आहेत. वेष्टणावरील आकडा वाचण्यास संस्कृत यावे लागत नाही. परंतु बंदीने रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. मुलाला गोष्ट हवीच असते. आजीची गोष्ट बंद झाली तेव्हा दूरचित्रवाणी आली, ती कंटाळवाणी झाली तेव्हा खेळ आले. गोष्ट न देता शिस्त तेवढी देणारे घर मुलाला शेजारच्या घरी पाठवते.

करायचे ते

शासन आपल्या परीने जागे झाले आहे. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आहे, महाराष्ट्र शासनाने २०२५ साली या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. पण धोरणाने भांडवल मिळते, कथा मिळत नाही. आणि ग्राहक तर मुळीच मिळत नाही. तो समाजाने पुरवायचा असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी. परदेशी खेळासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या घराने वर्षातून एक तरी स्वदेशी खेळ विकत घ्यावा, तोही चोरीची प्रत न उतरवता. मराठी आवाज हवा असेल तर तसे निर्मात्यांना कळवावे. मागणी नोंदवली नाही तर ती आहे हे कोणाला कसे कळणार? देखाव्यांवर लक्षावधी रुपये खर्चणाऱ्या मंडळांनी एखाद्या वर्षी एखाद्या तरुण चमूला सुतललोक उभा करण्यासाठी बळ द्यावे. औंधच्या अधिपतींचे उदाहरण समोर आहेच. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज येथील विद्वानांकडे या मुलांना घेऊन जाणारे दुवे कार्यकर्त्यांनी व्हावे. आणि मुलाच्या खेळाला नाके मुरडण्याऐवजी वडिलांनी एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून विचारावे, ‘तुझ्या ओडिनने ज्ञानासाठी डोळा दिला, आपल्या बळीने वचनासाठी काय दिले, सांगू?’

ग्रीकांचे देव संपले, उत्तरेचे देव संपले, आणि त्यांच्या कथा आता दुसरे सांगतात, त्यांना हवे तसे सांगतात. हिंदूंचे देव अद्याप देव्हाऱ्यात आहेत, तेथे दिवा अद्याप लागतो. मात्र दिव्याबरोबर कथाही सांगितली गेली, तरच देव आपला राहतो. क्रेटॉसला पुढचा प्रदेश शोधायला वेळ लागणार नाही. तो येईल तेव्हा या घरात त्याला जागे, सुजाण आणि स्वतःच्या चौदा भुवनांची वाट माहीत असलेले मूल भेटावे, एवढी तजवीज तरी आजच्या पिढीने केलीच पाहिजे.